आधी वाट, मग सामान

नव्या फ्लॅटची चावी हातात आली की पहिल्या आठवड्यात घरात तीनच प्रश्न फिरत असतात: सोफा कुठे ठेवायचा, टीव्ही कुठे लावायचा आणि पलंग कोणत्या भिंतीला टेकवायचा. माणसं चालणार कुठून, हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर सहा महिन्यांत आपोआप मिळतं. टीपॉयच्या कोपऱ्यावर रोज कुणाची तरी नडगी आपटते, कपाटाचं दार पलंगाला अडतं आणि टीव्ही पाहणाऱ्याच्या समोरून अख्खं घर ये-जा करतं. मग दोष खोलीच्या माथी बसतो. हॉल फारच लांबुडका आहे, बेडरूमला दारंच जास्त, मध्येच पिलर आलाय.

अशा खोल्या अडचणीच्या असतात, यात शंका नाही. मात्र त्या नीट पाहिल्या तर बहुतेकींत जागा पुरेशी निघते. बिघडलेली असते ती दारं, खिडक्या आणि सामान यांच्यामधून जाणारी वाट. ती आधी ठरवली की उरलेल्या जागेत काय बसेल आणि काय बसणार नाही, हे खोली स्वतःच सांगू लागते.

मुंबईतल्या बीडीडी चाळींनी हे शंभर वर्षं करून दाखवलं. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या केल्या. त्यातली एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्यात पाच-सात माणसांचे संसार झाले, मुलं शिकली, लग्नं लागली. गाद्यांची वळकटी सकाळी कॉटवर चढे, कॉटखाली ट्रंका सरकत, वर पोटमाळ्यावर सणासुदीची भांडी जात, आणि दारापासून मोरीपर्यंतची पट्टी मात्र दिवसभर मोकळी राहत असे. आता तिथे पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. जागा तिपटीने वाढते तेव्हा ती पट्टी मोकळी ठेवायची सवय सोबत नेली, तर नव्या घरात खरंच ऐसपैस वाटेल.

टेप, कागद आणि फरशी

सुरुवात मोजण्यापासून. ब्रोशरमधली मापं पुष्कळदा प्लॅस्टरच्या आधीची असतात. दोन्ही बाजूंचं प्लॅस्टर आणि खाली फरशीची पट्टी धरली की १० फुटांची खोली तेवढी उरत नाही. २०१६च्या रेरा कायद्यातल्या चटईक्षेत्राच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरलेली आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. करारावरचे चौरस फूट आणि झाडू फिरतो ते चौरस फूट वेगळे निघतात ते त्यामुळेच. म्हणून माप हातात टेप घेऊन, भिंत ते भिंत, तीन ठिकाणी घ्यावं: फरशीलगत, कमरेच्या उंचीवर आणि छताजवळ. भिंत ओळंब्यात नसेल तर तिन्ही आकडे वेगळे येतात. कपाट बनवताना सर्वांत लहान आकडा धरायचा.

खोली काटकोनात आहे का, हे पाहायची गवंड्यांची रीत सोपी आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं, तर कोपरा गुण्यात आहे. कमी-जास्त आलं, तर त्या कोपऱ्यात बाजारातलं तयार कपाट भिंतीला चिकटणार नाही. एका बाजूला फट राहणारच.

नकाशासाठी आलेख कागद नसला तरी चालतं. घरात ६०० मिलिमीटरच्या चौरस लाद्या असतील तर जमिनीवर आलेख आधीच काढलेला आहे. एक लादी म्हणजे दोन फुटांना किंचित कमी. पलंग साधारण अडीच लाद्या रुंद, सव्वातीन लाद्यांहून थोडा जास्त लांब. कपाटाची खोली एक लादी. चालण्याची वाट दीड लादी. जुन्या वर्तमानपत्रांचे तेवढे तुकडे कापून जमिनीवर मांडावेत, चिकटपट्टीने कडा पक्क्या कराव्यात आणि चार-पाच दिवस घरातल्या सगळ्यांनी त्यांना वळसा घालून वावरावं. ज्या कागदावर सारखा पाय पडतो, ते सामान चुकीच्या जागी आहे.

काही आकडे मात्र पाठ हवेत. एका माणसाला सरळ चालायला ३० इंच लागतात, हातात बादली किंवा ताट असेल तर ३६. पलंगाच्या कडेने आत शिरायला निदान २४. जेवणाच्या टेबलामागे खुर्ची ओढून उठायला ३० ते ३६. डबल बेड ६० किंवा ७२ इंच रुंद आणि ७८ इंच लांब, कपाट २४ इंच खोल, सोफा ३० ते ३६ इंच खोल. आणि सर्वांत विसरला जाणारा आकडा दाराचा. ३ फुटांचं दार उघडताना जो पाव गोल फिरतं, तो सुमारे ७ चौरस फूट असतो. त्या ७ चौरस फुटांवर काहीही ठेवता येत नाही, आणि छोट्या खोलीत अशी दोन दारं असतील तर एका पलंगाची निम्मी जागा केवळ दारांच्या फिरण्यात जाते.

लांबुडका हॉल

मुंबई-पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सर्रास दिसणारा हॉल घेऊ. रुंदी ९ फूट, लांबी १७ फूट. आखूड भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात मुख्य दार, समोरच्या आखूड भिंतीला बाल्कनी. उजव्या लांब भिंतीत, दारापासून ८ ते ११ फुटांच्या दरम्यान, स्वयंपाकघर आणि बेडरूमकडे जाणारी मोकळी चौकट.

नेहमीची मांडणी अशी होते: डाव्या भिंतीला सोफा, उजवीकडे टीव्हीचं कपाट, मधोमध टीपॉय. आता हिशेब मांडू. ९ फूट म्हणजे १०८ इंच. त्यातून सोफ्याचे ३३ आणि कपाटाचे १६ वजा केले की ५९ उरतात. टीपॉय २० इंचांचा धरला तर त्याच्या दोन्ही बाजूंना साडेएकोणीस इंच. म्हणजे चालायला दोन वाटा, दोन्ही अपुऱ्या, आणि दोन्ही टीव्हीच्या समोरून.

वाटेपासून सुरुवात केली तर चित्र बदलतं. मुख्य दारातून उजव्या भिंतीला लागून चौकटीपर्यंत ३६ इंचांची पट्टी खडूने आखावी. घरातली जवळपास सगळी रहदारी या पट्टीवरून जाते आणि चौकटीपाशी आत वळते. चौकटीच्या पुढचे ६ फूट, म्हणजे बाल्कनीकडचा भाग, इथे फक्त कपडे वाळत घालणारं किंवा झाडांना पाणी घालणारं माणूस जातं. बैठक तिथे हवी. डाव्या भिंतीला सोफा, समोर चौकटीच्या पुढे उरलेल्या ६ फुटांच्या भिंतीवर टीव्ही टांगलेला. पाहणाऱ्याचे डोळे भिंतीपासून दोनेक फूट पुढे धरले तर टीव्हीपर्यंत साडेसहा फूट अंतर मिळतं. पडद्याच्या तिरक्या मापाच्या दीडपट अंतर पुरेसं मानलं जातं. ४३ इंची टीव्हीला ते साडेपाच फुटांच्या आत येतं. मोठा टीपॉय काढून टाकावा. एकाखाली एक सरकणारी दोन-तीन छोटी स्टुलं त्याचं काम करतात.

मग दारालगतचे पहिले ८ फूट जेवणासाठी मोकळे होतात. डाव्या भिंतीला ३० इंच रुंदीचं टेबल, त्याची लांब बाजू भिंतीला टेकलेली, समोर बसलेल्या माणसाचे २४ इंच. एकूण ५४. उरलेल्या ५४ इंचांतून मागे न सरकता कुणीही जाऊ शकतं. स्वयंपाकघराची चौकट तिथून दोन पावलांवर, त्यामुळे गरम भांडं घेऊन बैठकीतून फिरायची गरज राहत नाही. चपलांसाठी दारामागे पुढे कलणाऱ्या खणांचं ८-९ इंच खोलीचं उभं कपाट पुरतं.

अरुंद जागेला उभे पडदे, जाळीच्या भिंती, छतापर्यंतची शोकेस घालून दोन खोल्या करायचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळलेला बरा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादमध्ये उभारलेलं ‘ट्यूब हाऊस’ या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. गुजरात हाउसिंग बोर्डाच्या स्पर्धेतून आलेलं हे घर सुमारे १२ फूट रुंद आणि ६० फूट लांब होतं. कोरियांनी आत पूर्ण उंचीच्या भिंती जवळजवळ ठेवल्याच नाहीत. जमिनीच्या पातळ्या बदलून भाग वेगळे केले, आणि तापलेली हवा उतरत्या छताच्या आतून वर चढून माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जाईल अशी सोय केली. अरुंद घरात आडवी भिंत आली की वाराही अडतो आणि नजरही. हॉलचे दोन भाग दाखवायचे असतील तर कमरेएवढं पुस्तकांचं कपाट, वेगवेगळे दिवे किंवा एखादी सतरंजी पुरेशी होते.

दारंच दारं

बेडरूमला येण्याचं दार, बाथरूमचं दार, बाल्कनीचं दार आणि शिवाय कपाटाची दारं. अशा खोलीच्या नकाशावर प्रत्येक दार दुसऱ्या दाराशी सरळ रेषेने जोडावं. रेषा जिथे एकमेकींत मिसळतात ती वाट. रेषांच्या बाहेर जो सर्वांत मोठा तुकडा उरतो ती पलंगाची जागा. तो तुकडा पुष्कळदा खिडकीखाली निघतो आणि घरातल्यांना ते पटत नाही. खिडकीची चौकट पलंगाच्या माथ्यापेक्षा उंच असेल आणि पावसाचं पाणी आत येत नसेल, तर तिथे पलंग ठेवायला काहीच हरकत नाही.

तुकडा छोटा पडत असेल तर भिंत पाडायचा विचार येण्याआधी दाराकडे पाहावं. बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला घेतल्या की दार उलट्या भिंतीवर जाऊन टेकतं आणि पहिल्या भिंतीचे ३ फूट मोकळे होतात. सुताराचं एका दिवसाचं काम आहे. सरकतं दार लावायचं तर शेजारी दाराएवढीच मोकळी भिंत लागते आणि त्या भिंतीवरचे विजेचे बोर्ड हलवावे लागतात, हे आधी तपासावं. चाळीत किंवा जुन्या वाड्यात दोन खोल्यांमधलं जोडदार वर्षानुवर्षं बंद असतं. त्याच्या चौकटीच्या खाचेत फळ्या बसवल्या तर छोट्या पुस्तकांसाठी, औषधांसाठी उत्तम खण तयार होतो, आणि पुढे कधी दार उघडायची वेळ आली तर फळ्या काढताही येतात.

अरुंद स्वयंपाकघर

वाटेचा विचार करून घडवलेल्या खोल्यांमध्ये जगभर सर्वाधिक गाजलं ते एक स्वयंपाकघरच. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या सरकारी वसाहतींसाठी ते आखलं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, म्हणजे सव्वासहा बाय सव्वाअकरा फूट. रेल्वेच्या डायनिंग डब्यातलं स्वयंपाकघर त्यांनी डोळ्यांसमोर ठेवलं होतं. बाईमाणसाची किती पावलं वाया जातात याचा विचार करून शेगडी, बेसिन, कापायची फळी आणि डबे यांचा क्रम लावला. त्या काळात अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं बसवली गेली.

आपल्याकडच्या ६ फूट रुंद स्वयंपाकघरात दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांचे ओटे घालायची पद्धत पडली आहे. ७२ इंचांतून ४८ गेले की उभं राहायला २४ इंच. सासू-सून किंवा नवरा-बायको एकाच वेळी आत शिरले की एकाला बाहेर यावंच लागतं. समोरचा ओटा १२ इंचांचा केला तर ३६ इंच मिळतात. १२ इंचांवर मिक्सर मावतो, डबे मावतात, पोळ्यांचा डबाही राहतो. फ्रिज अगदी आतल्या टोकाला न ठेवता दाराच्या तोंडाशी ठेवावा. पाण्याची बाटली घ्यायला येणारी मुलं मग गॅसपर्यंत येतच नाहीत. फ्रिजचं दार कोणत्या बाजूला उघडतं, तेही घेण्याआधी पाहायचं. ते ओट्याकडे उघडलं तर सामान ठेवायला जागा समोरच असते.

सिलिंडर बंद कपाटात कोंडून ठेवायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला खालच्या बाजूला जाळी हवी.

पिलर, बीम आणि तिरकी भिंत

जुन्या इमारतींत भिंत साडेचार किंवा सहा इंचांची आणि पिलर त्याहून जाड, त्यामुळे तो खोलीत पुढे येतो. दोन पिलरांच्या मध्ये जो खळगा पडतो, तो बहुतेकजण पडद्याने झाकतात. तो ९ इंच खोल असेल तर पुस्तकांसाठी, १२ इंच असेल तर घडीच्या कपड्यांसाठी फळ्या बसवून पिलरच्या कडेशी सपाट करून टाकावा. खोली दोन्ही बाजूंनी सरळ दिसू लागते आणि वाटेत कोपरा येत नाही.

बीमखाली डोकं करून झोपू नये असं पुष्कळ घरांत मानतात. त्या वादात न पडता बीमखाली कपाट घ्यावं, बीमच्या तळापर्यंत उंच. डोक्यावर वजन आल्यासारखं वाटत नाही आणि कपाटावर धूळ साचायला जागाही उरत नाही. पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या बाहेरच्या भिंतीला कपाट लावायचं असेल, तर मागे दोन इंच फट सोडावी. कोकणपट्टीतला पाऊस याच बाजूने झोडपतो; भिंतीला घट्ट चिकटलेल्या कपाटात श्रावण येईपर्यंत बुरशी धरते.

टॉवरमधल्या काही फ्लॅटमध्ये एखादी खोली पंचकोनी निघते, एक भिंत तिरकी. अशा वेळी सामान तिरक्या भिंतीला समांतर लावलं की उरलेली अख्खी खोली वाकडी भासते. आधी खोलीत बसेल तेवढा मोठा आयत आखावा, पलंग-टेबल त्या आयतात सरळ मांडावं, आणि बाहेर उरलेला त्रिकोण कपाटासाठी राखावा. त्या त्रिकोणात तयार कपाट घेऊ नये. जागेवर माप घेऊन बनवलेलं, दर्शनी बाजूने सरळ आणि मागून तिरकं कपाट हवं. निमुळत्या टोकात हात पोचत नाही, तिथे इस्त्रीचं टेबल, शिडी, घडीच्या खुर्च्या अशा उभ्या राहणाऱ्या वस्तू जातात.

मधली अंधारी खोली

जुन्या वाड्यात माजघराला बाहेरची भिंत नसे, पण चौकातून उजेड येई. फ्लॅटमध्ये चौक गेला आणि मधली खोली अंधारीच राहिली. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार मुंबई-कोकणासारख्या उष्ण-दमट हवेत खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असायला हवं. उष्ण-कोरड्या भागात एक दशांश. म्हणजे १० बाय १२च्या खोलीला मुंबईत २० चौरस फुटांची, चार बाय पाचची खिडकी हवी. आता घरोघरी काय होतं ते पाहू: खिडकीच्या निम्म्या भागासमोर कपाट येतं, उरलेल्या निम्म्यात कुंड्या आणि ग्रिल. मग दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. पहिला उपाय म्हणून खिडकीसमोरचं कपाट हलवावं, बाकी सगळं नंतर.

ज्या खोलीला खिडकीच नाही, तिला शेजारच्या खोलीतून उजेड उसना घ्यावा लागतो. दारावरची झडप बुजवली असेल तर ती उघडून काच बसवावी. दाराच्या वरच्या निम्म्या भागात दुधी काच घातली तर आडोसाही राहतो. छत पांढरं, खिडकीच्या समोरची भिंत फिकट. छताच्या मधोमध एकच ट्यूब लावण्यापेक्षा कामाच्या जागी वेगळा, कोपऱ्यात वेगळा आणि आरशापाशी वेगळा दिवा लावला तर खोली मोठी भासते आणि डोळ्यांना ताणही पडत नाही. अशी खोली मुलांच्या अभ्यासाला देऊ नये. कपड्यांची कपाटं, शिवणयंत्र, पाहुण्यांची गादी आणि जेवण यांना ती उत्तम.

माळा, पोटमाळा आणि जिन्याखालचा कोनाडा

कौलारू घराच्या माळ्यावर सरळ उभं राहता येतं ते फक्त आढ्याखाली. वाट तिथेच ठेवायची. दोन्ही बाजूंना छप्पर उतरत जातं. कमरेएवढ्या उंचीच्या भागात पलंगाची लांबी बसते, त्याहून बुटक्या भागात चाकांवरच्या पेट्या. उजेडासाठी दोन-चार कौलं काढून काचेची कौलं बसवायची कोकणातली रीत आजही तितकीच कामाची आहे. उन्हाळ्यात कौलं तापतात, म्हणून खालून लाकडाचं किंवा बांबूच्या चटईचं अस्तर द्यावं आणि कौल व अस्तर यांमध्ये हवा खेळती ठेवावी.

फ्लॅटमधल्या पोटमाळ्याबद्दल एकच ताकीद: अर्ध्या विटेच्या पार्टिशन भिंतीवर त्याचं वजन टाकायचं नाही. तिथे बिछाने, बॅगा, दिवाळीचे कंदील जावेत. पुस्तकांचे गठ्ठे आणि पितळेची भांडी खाली.

जिन्याखालची जागा बंगल्यांत आणि रो-हाउसमध्ये बहुधा भंगाराचं कोठार होते. उंच भागात लटकवायचे कपडे, झाडू, पुसणी, व्हॅक्यूम क्लीनर. मधल्या भागात ओढायचे खण. अगदी बुटक्या टोकाला चाकांवरचा एकच लांब खण, जो पूर्ण बाहेर येतो. त्याला दार लावलं तर आत रांगत जावं लागतं, म्हणून दार नको. इन्व्हर्टर तिथे ठेवायचा असेल तर कपाटाला वर आणि खाली जाळी हवीच. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन बाहेर टाकते.

छोटी बेडरूम आणि घरातली मोठी माणसं

९ बाय १०च्या खोलीत ६० इंची पलंग मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात आणि कपाटाला जागा राहत नाही. पलंग भिंतीला टेकवला तर कपाट बसतं, पण समोर २४ इंचच राहतात. कपाटाचं १८ इंची दार उघडून माणूस उभं राहायला जागा नाही. इथे सरकत्या दारांचं कपाटच हवं, किंवा कपाट पायथ्याच्या भिंतीला न्यावं.

आजी-आजोबांची खोली असेल तर हिशेब आणखी बदलतो. पलंगाला दोन्ही बाजूंनी वाट हवी, एका बाजूला निदान ३६ इंच, कारण आजारपणात दुसरं माणूस शेजारी उभं राहून उठवतं. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेत पायपुसणं, वायर, उंबरठा काही नको. रात्री पायाशी जळणारा छोटा दिवा मात्र हवा. बाथरूमचं दार बाहेर उघडावं. आत कुणी पडलं आणि दार आतच उघडत असेल, तर पडलेल्या माणसाच्या अंगामुळेच ते अडतं. गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. बंद बाथरूममध्ये जमणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणसं दगावली आहेत.

काय तोडायचं नाही

वाट सरळ करण्याच्या नादात भिंतीला हात लावण्याआधी इमारत कशी उभी आहे, हे समजून घ्यावं लागतं. जुन्या वाड्यांत आणि लोडबेअरिंग इमारतींत भिंतच वरच्या मजल्यांचं वजन पेलते. पिलर-बीमच्या इमारतीत मधल्या विटांच्या भिंती सहसा हलवता येतात, पण पिलर आणि बीमला छिद्रसुद्धा विचारून पाडावं. मिवान तंत्राने बांधलेल्या नव्या टॉवरमध्ये खोल्यांच्या भिंतीही काँक्रीटच्याच असतात. तिथे भिंत काढणं तर सोडाच, वायरसाठी खाच पाडणंही धोक्याचं. स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी सल्ला आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय घण उचलायचा नाही. गरज पडेल तिथे महापालिकेचीही.

बाथरूम आणि मोरी शक्यतो जागची हलवू नये. त्यांच्या खालचा स्लॅब मुद्दाम खोलगट ठेवून जलरोधक केलेला असतो. ओली जागा दुसरीकडे नेली की खालच्या घरात गळती ठरलेली. बाल्कनी काचेने बंद करून खोलीत घ्यायची इच्छा होते, तेव्हाही आधी नियम विचारावेत. बाल्कनीच्या जमिनीचा उतार बाहेर असतो आणि वाऱ्याबरोबर पाऊस आत शिरतो. तिथे लाकडी पलंग किंवा पुस्तकं टिकत नाहीत. कपडे धुण्याचं यंत्र, घडीचं टेबल, प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियमची कपाटं टिकतात.

सुताराला सांगण्याआधी

जमिनीवरचे कागद जागेवर पक्के झाले की मगच सुताराला बोलवावं, आणि त्याला तोंडी सांगून थांबू नये. प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची, दार कुठे उघडतं आणि खण किती, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. प्लायवूडवरचा आयएस शिक्का पाहून घ्यावा: बेसिनखाली आणि ओल्या भिंतीजवळ आयएस ७१० म्हणजे मरीन दर्जाचा, कोरड्या खोलीत आयएस ३०३. प्लायच्या कडा उघड्या राहिल्या तर मुंबईच्या हवेत त्या फुगतात, म्हणून चारही कडांना पट्टी लावायला सांगावी. विजेचे बोर्ड आणि टीव्हीची वायर कपाट बसण्याआधी हलवावी, नंतर नाही.

शेवटी सामान घरात येण्याची वाट. लिफ्टच्या दाराची उंची आणि रुंदी, केबिनची खोली, जिन्याच्या वळणावरची जागा आणि मुख्य दाराची चौकट, ही चार मापं ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर यायला हवीत. साडेसहा फुटांचा पलंग किंवा सात फुटांचं कपाट अखंड वर चढत नसेल, तर ते सुट्या भागांत बनवून घरात जोडून द्यायचं, त्याची जोडणी आणि वाहतूक कोणाच्या खर्चाने, हेही तिथेच लिहून घ्यावं.